सरासरीच्या आड लपलेले झटके

सरकारी नोकरीत माणूस हजारो कागदांवर सही करतो आणि त्यांतले बहुतेक विसरून जातो. एक सही मात्र मला आजही आठवते, आणि ती आठवण सुखद नाही.

उत्तर भारतातील एका जिल्ह्यात माझी नेमणूक होती. आठवड्याच्या तक्रार-दिनी पिठाची चक्की चालवणारे एक गृहस्थ आपली जळालेली मोटार हातगाडीवर घालून कचेरीच्या आवारात घेऊन आले. वर्षभरात ती तिसऱ्यांदा जळाली होती. अर्ज त्यांनी कोणाकडून तरी लिहून घेतला होता. पण त्यातली शासकीय हिंदी बाजूला ठेवून ते एवढेच म्हणाले, "साहब, रात को बत्ती नाचती है और दिन में मोटर रोती है." त्यांच्या वस्तीपलीकडे लोखंडी भंगार वितळवणाऱ्या भट्ट्या होत्या. भट्टी लागली की दिवे नाचतात, हे वस्तीतल्या पोरासोरांनाही ठाऊक होते.

मी नियमाप्रमाणे अहवाल मागवला. पंधरा दिवसांत तो आला. सोबत उपकेंद्रातील लॉगशीटची प्रत होती. दर तासाला एक, अशा दिवसाच्या चोवीस नोंदी, आणि महिनाभराच्या साऱ्या नोंदी विहित मर्यादेत. अहवालाचे शेवटचे वाक्य आपल्या सर्वांच्या परिचयाचे होते: सबब तक्रारीत तथ्य आढळून येत नाही. मी खाली सही केली आणि अर्ज निकाली निघाला. त्या महिन्याच्या विवरणपत्रात माझ्या जिल्ह्याची तक्रार-निपटाऱ्याची टक्केवारी उत्तम होती.

पुढे काही वर्षांनी दुसऱ्या एका राज्यात ऊर्जा विभागाचे काम पाहत असताना चाचणी शाखेतील एका अभियंत्याने मला एक आलेख दाखवला. तोही भट्ट्यांच्या परिसरातील एका वाहिनीचाच होता. फरक एवढाच, की नोंद तासाला एक नव्हती. विजेच्या प्रत्येक आवर्तनाची, म्हणजे सेकंदाला पन्नास होती. त्या कागदावर व्होल्टेजची रेषा करवतीच्या दात्यांसारखी खालीवर होत होती. शेजारी त्याच दिवसाची लॉगशीट ठेवली होती. तिच्यातील नोंदी नेहमीप्रमाणे विहित मर्यादेत होत्या. मला ती हातगाडी आठवली.

लॉगशीट खोटी नव्हती. तासातून एकदा काट्याकडे पाहणाऱ्या माणसाला जे दिसले, ते त्याने प्रामाणिकपणे लिहिले होते. चुकीचा होता तो आमचा प्रश्न. आमच्या वीजप्रशासनाने सरासरी मोजायची, सरासरीवर बिल आकारायचे आणि सरासरीच्याच आधारे तक्रार फेटाळायची, अशी पद्धत अंगवळणी पाडून घेतली आहे. यंत्रे मात्र सरासरीने जळत नाहीत. ती झटक्यांनी जळतात. झटका देणारा कोण आणि सोसणारा कोण, हे या पद्धतीत कधीच उघड होत नाही. ही निव्वळ तांत्रिक उणीव आहे असे मला वाटत नाही. हा अन्याय आहे, आणि तो आपल्या सहीशिक्क्यानिशी चालतो. म्हणून हा लेख.

आधी झटक्याचा भार म्हणजे काय ते पाहू. घरातला पंखा विजेचा स्थिर भार आहे; लावला की एकाच मापाने वीज घेत राहतो. याउलट स्पॉट वेल्डिंगचे यंत्र काही क्षण प्रचंड वीज ओढते आणि थांबते, पुन्हा ओढते आणि थांबते. रोलिंग मिलच्या रुळांत तापलेली कांब शिरली की मोटारीवर एकदम भार येतो, कांब बाहेर पडली की तो उतरतो. विजेच्या कमानीवर चालणाऱ्या भट्टीत भंगार वितळू लागते तेव्हा तुकडे ढासळून इलेक्ट्रोडला भिडतात, क्षणभर जवळजवळ शॉर्टसर्किट होते, पुढच्या क्षणी कमान तुटते. अभियंते अशा भारांना पल्स्ड लोड म्हणतात. देशाचा उद्योग अशा भारांवाचून चालणार नाही, हे मला मान्य आहे. प्रश्न त्यांच्या अस्तित्वाचा नसून हिशोबाचा आहे.

हा हिशोब शाळेतल्या गणिताने समजतो. दोन ग्राहक घ्या. पहिला तासभर सलग १०० अँपिअर वीज घेतो. दुसरा दर मिनिटाला १५ सेकंद ४०० अँपिअर घेतो आणि उरलेले ४५ सेकंद काहीच घेत नाही. दोघांची सरासरी १०० अँपिअरच. युनिटही जवळजवळ सारखीच. मोठ्या ग्राहकांना जो मागणी आकार लागतो, तो बहुतेक ठिकाणी १५ किंवा ३० मिनिटांच्या सरासरीवर काढला जातो, म्हणून तोही सारखाच. मीटरच्या लेखी दोघे एकाच तोलाचे सज्जन.

आता तारेला विचारा. तार तापते ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात. पहिल्याचा हिशोब १०० चा वर्ग, म्हणजे १०,०००. दुसऱ्याचा ४०० चा वर्ग, म्हणजे १,६०,०००, पण पाव वेळच, म्हणून ४०,०००. तेवढ्याच युनिटांसाठी दुसऱ्याने तारेत चौपट वीज उष्णतेच्या रूपाने वाया घालवली. रोहित्राच्या वेटोळ्यांवर जे यांत्रिक बल येते, तेही प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते; झटक्याच्या क्षणी ते पहिल्याच्या सोळापट. दिवसातून शेकडो वेळा असा हिसका बसला, की वेटोळ्यांना आवळून धरणारे आधार सैल होतात, कागदी इन्सुलेशन घासले जाते, आणि एके दिवशी रोहित्र जाते. तेव्हा चौकशी अहवालात कारण लिहिले जाते "अतिभार" किंवा "जुने झाल्याने". वाया गेलेली वीज "तांत्रिक हानी" या शीर्षाखाली जमा होते आणि पुढच्या दरवाढीत सर्व ग्राहकांमध्ये वाटली जाते. झटका देणाऱ्याला वेगळे काहीच द्यावे लागत नाही.

शेजाऱ्याचे काय होते? एखाद्या ठिकाणी वीज जाळे किती भक्कम आहे, हे तिथल्या शॉर्टसर्किट क्षमतेवरून ठरते. समजा ती ५०० एमव्हीए आहे आणि एखाद्या भट्टीचा प्रतिघाती भार एकाएकी १० एमव्हीएने वाढला. त्या बिंदूवरचे व्होल्टेज साधारण दोन टक्क्यांनी खाली येईल. दोन टक्के ऐकायला क्षुल्लक वाटतात. पण पिवळ्या तंतूच्या दिव्याचा प्रकाश सेकंदाला आठ-नऊ वेळा हलत असेल, तर व्होल्टेजमधील जेमतेम पाव-तीन दशांश टक्क्याची हालचालही माणसाच्या डोळ्याला जाणवते. दिव्यांचे हे लुकलुकणे मोजण्याचे आंतरराष्ट्रीय मानक ६० वॅटच्या अशाच दिव्यावरून बेतले गेले. चक्कीवाल्या गृहस्थांचे "बत्ती नाचती है" हे काव्य नव्हते. ते वाचन होते, आणि आमच्या लॉगशीटपेक्षा अचूक होते.

मोटारीला डोळे नसतात, पण तिला सोसावे अधिक लागते. चक्कीच्या जात्याचा जोर व्होल्टेज उतरले म्हणून कमी होत नाही. तो जोर भरून काढण्यासाठी मोटार जास्त प्रवाह घेते आणि तापते. व्होल्टेज फारच खाली गेले तर स्टार्टर सुटतो, चक्की थांबते, माणूस ती पुन्हा चालू करतो, आणि सुरू होताना मोटार पूर्ण भाराच्या सुमारे सहापट प्रवाह ओढते. त्यातच झटका तीन फेजांवर सारखा पडत नाही. व्होल्टेजमध्ये साडेतीन टक्के असमतोल असेल तर मोटारीची तापवाढ सुमारे पंचवीस टक्क्यांनी वाढते, आणि सतत दहा अंश जास्त तापणाऱ्या इन्सुलेशनचे आयुष्य साधारण निम्मे होते, हे अभियंत्यांचे जुने ठोकताळे आहेत. वर्षातून तीन वेळा मोटार जळण्याचे कारण शोधायला फार दूर जायची गरज नव्हती.

इंडक्शन भट्टीची तऱ्हा आणखी वेगळी. ती आलेली वीज आधी एकदिश करून मग हव्या त्या वारंवारितेची बनवते. साध्या सहा-पल्स पद्धतीच्या यंत्रातून मूळ वारंवारितेच्या ५, ७, ११, १३ पट वारंवारितेचे प्रवाह जाळ्यात परत येतात. यांना हार्मोनिक्स म्हणतात. इथे आमच्या धोरणाची एक गंमत सांगण्याजोगी आहे. पॉवर फॅक्टर सुधारला की बिलात सवलत मिळते, म्हणून कारखानदार कपॅसिटर बसवतो. ते कपॅसिटर आणि रोहित्र यांचा मेळ एखाद्या हार्मोनिकशी जुळला, तर तोच हार्मोनिक अनेक पटींनी फुगतो. कपॅसिटर फुटतात, केबल तापते, रिले विनाकारण तुटतात. कारखानदाराला सवलत मिळाली, उपकेंद्राला दुखणे मिळाले. दोन्ही आमच्याच आदेशांनी.

मोठी यंत्रेही सुटत नाहीत. अमेरिकेतील नेवाडा राज्यातल्या मोहावे औष्णिक केंद्रात १९७० साली आणि पुन्हा १९७१ साली जनित्राच्या जाडजूड पोलादी दांड्याची हानी झाली. तिथे कारण झटक्याचा भार नव्हते. पारेषण वाहिनीतील कपॅसिटर आणि दांड्याची स्वतःची कंपने यांचा घातक मेळ बसला होता. पण त्यातून जगभरच्या अभियंत्यांनी धडा घेतला तो असा, की विजेतील छोटी पण तालबद्ध हालचालही पोलाद थकवू शकते. जनित्राच्या जवळ मोठा, लयीत येणारा झटका जोडताना म्हणूनच आधी अभ्यास करावा लागतो.

इथवर दोष कारखान्यांचा दिसतो. पण देशातील एक मोठा झटका आम्ही सरकारी मंडळीच दररोज घडवून आणतो, आणि तो शेतीच्या वाहिन्यांवर. पंजाबपासून कर्नाटकापर्यंत अनेक राज्यांत शेतीला ठरावीक तासच तीन-फेज वीज मिळत आली आहे. कधी ती रात्री दोन वाजता येते. अशा वेळी काळोखात, विंचू-सापाच्या भीतीत बांधावर जाण्यापेक्षा शेतकरी ऑटो-स्टार्टर बसवतो. वीज आली की पंप आपोआप सुरू. यात त्याची काय चूक? पण उपकेंद्रात कळ दाबली जाताच वाहिनीवरचे सगळे पंप एकाच क्षणी जागे होतात.

शंभर केव्हीएचे एक रोहित्र घ्या. ते सुमारे १३३ अँपिअर देऊ शकते. त्यावर पाच अश्वशक्तीचे वीस पंप आहेत, प्रत्येकी साडेसात अँपिअरचे. चालू असताना एकूण १५० अँपिअर. म्हणजे थोडा अतिभार, पण निभते. सुरू होताना मात्र मागणी सहापट, ९०० अँपिअरच्या घरात. रोहित्राचा अंतर्गत विरोधच असा असतो की एवढ्या मागणीने व्होल्टेज जवळजवळ पाव हिश्श्याने कोसळते. लांबलचक तारांतली घट वेगळी. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने पाऊण व्होल्टेजला तो निम्म्याहून जेमतेम वर उरतो. मग मोटारी झटकन वेग घेत नाहीत, कण्हत राहतात, आणि जो झटका दोन-तीन सेकंदांत संपायचा तो लांबतो. कुणाची मोटार जळते, कुणाचा फ्यूज उडतो, आणि अखेरीस रोहित्र. मग ऐन हंगामात गावकरी वर्गणी काढून रोहित्र ट्रॅक्टरवर घालून दुरुस्तीला नेतात, आणि आम्ही "शेतकऱ्यांनी अनधिकृत भार जोडल्यामुळे" असा शेरा मारतो. अनधिकृत भार असतोच, मी नाकारत नाही. पण तो एका क्षणी जागा करणारी कळ आमच्या हातात असते, हे शेऱ्यात कधी येत नाही.

तेलंगणात १ जानेवारी २०१८ पासून शेतीला २४ तास वीज देण्यास सुरुवात झाली, तेव्हा ऑटो-स्टार्टर काढून टाकण्याची मोहीम घेण्यात आली होती. भूजलाचा अनावर उपसा थांबावा ही त्यामागची मोठी चिंता होती. पण वीज कधी येईल ही धास्ती संपली की ऑटो-स्टार्टरची गरजही संपते, हा त्यातला प्रशासकीय धडा मला अधिक मोलाचा वाटतो. पुरवठ्याचे तास बदलणे शक्य नसेल तिथे दर पंपाच्या स्टार्टरला काही मिनिटांचा, प्रत्येकाला वेगळा, विलंब लावणारा टायमर बसवता येतो. एका रोहित्राच्या दुरुस्तीपुढे त्याचा खर्च किरकोळ आहे.

झटका मुळात टाळता येत नाही, अशी एक सबब नेहमी पुढे केली जाते. तिला दोन उत्तरे आहेत. इंग्लंडमध्ये कल्हम येथे जेट हे अणुसंमीलनाचे प्रयोगयंत्र १९८३ ते २०२३ अशी चाळीस वर्षे चालले. त्याला काही सेकंद इतकी अफाट वीज लागे, की ती सारी सार्वजनिक जाळ्यातून ओढणे योग्य नव्हते. म्हणून तिथे दोन प्रचंड गतिपालक चक्रे उभारली होती. प्रत्येकाच्या फिरत्या भागाचे वजन सुमारे ७७५ टन. दोन प्रयोगांमधल्या वेळात ती चक्रे थोडी थोडी वीज घेऊन वेग घेत आणि प्रयोगाच्या क्षणी साठवलेली ऊर्जा देऊन टाकीत. ज्याचा झटका, त्यानेच तो आपल्या अंगणात जिरवायचा, हे तत्त्व तिथे पाळले गेले.

दुसरे उत्तर आपल्याच देशातले आहे. ५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे मालवण्याचे आवाहन झाले. देशाची मागणी थोड्या मिनिटांत सुमारे ३१,००० मेगावॅटने खाली आली आणि पुन्हा वर गेली. ३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर–रायचूर वाहिनी जोडली गेल्यापासून सारा देश एकाच वारंवारितेवर चालतो. म्हणजे चूक झाली असती तर ती सर्वांना भोवली असती. तरीही वारंवारिता साधारण ४९.७ ते ५०.२६ हर्ट्झच्या दरम्यान राहिली आणि जाळे उभे राहिले. कारण दोन दिवस आधी सूचना मिळाली होती, जलविद्युत केंद्रे तयार ठेवली होती, प्रत्येक राज्याच्या भारप्रेषण केंद्राला आपले काम ठाऊक होते. ज्या अभियंत्यांनी ती रात्र निभावली, त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण मग मला विचारावेसे वाटते, की देशाएवढा झटका आपण मोजू आणि पेलू शकतो, तर एका तालुक्याच्या उपकेंद्रातला झटका आपल्याला दिसत का नाही? उत्तर असे, की तो पाहायला कोणी सांगितलेले नाही.

कायदा नाही म्हणून सांगितले नाही, असेही नव्हे. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५७ मध्ये सेवेच्या दर्जाची मानके आणि ती मोडल्यास ग्राहकाला भरपाई यांची तरतूद आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २००७ च्या ग्रिड-जोडणी नियमांत मोठ्या ग्राहकाच्या जोडणीपाशी व्होल्टेजमधील एकूण हार्मोनिक विकृती ५ टक्के आणि त्याने ओढलेल्या प्रवाहातील ८ टक्के, अशा मर्यादा घातल्या होत्या. २०१९ च्या दुरुस्तीने हार्मोनिक्सचे मोजमाप सतत व्हावे असेही म्हटले आहे. पुस्तकात सारे आहे. माझ्या अनुभवात मात्र जोडणी मंजूर करताना ही मर्यादा एका छापील अटीत येते, ग्राहक त्याखाली सही करतो, आणि पुन्हा कोणी विचारत नाही. २०२१ नंतर देशभर स्मार्ट मीटर बसवण्याचा मोठा कार्यक्रम सुरू झाला; उद्दिष्ट २५ कोटी मीटरचे. पण बिलासाठी त्यांच्याकडून जे मागितले जाते, ते पुन्हा १५ किंवा ३० मिनिटांचे खंडच. नवे यंत्र घेतले आणि जुनाच प्रश्न विचारला.

दरम्यान एक साक्षीदार हळूच निघून गेला. पिवळे दिवे जाऊन घरोघरी एलईडी आले. वीजबचतीच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. पण व्होल्टेजमधल्या चढउताराची पर्वा न करता चांगला एलईडी एकसारखा प्रकाश देतो. म्हणजे गरिबाच्या घरातले फुकटचे मोजयंत्र गेले. आता बत्ती नाचणार नाही. मोटार तेवढी जळेल. तक्रार करणाऱ्याजवळ सांगायला डोळ्यांदेखतचा पुरावाही उरणार नाही.

आणि झटके वाढणार आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संगणकगृहांत हजारो प्रोसेसर एका तालात काम करतात आणि एकाच वेळी थांबतात. २०२४ साली मेटा कंपनीच्याच संशोधकांनी आपल्या शोधनिबंधात काही दशक मेगावॅटच्या अशा क्षणिक चढउतारांची नोंद केली आहे. १० जुलै २०२४ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात एका वाहिनीवरील दोषामुळे सुमारे १,५०० मेगावॅटची संगणकगृहे एका क्षणात जाळ्यापासून स्वतःहून अलग झाली. आपल्याकडे नवी मुंबई, चेन्नई, हैदराबाद, नोएडा येथे अशी गृहे उभी आहेत, आणि विशाखापट्टणमला गिगावॅटच्या मापाच्या संकुलाची घोषणा २०२५ मध्ये झाली आहे. जमीन, पाणी, करसवलत यांवर करार होतात. वीज "किती मेगावॅट" लागेल हेही त्यात असते. "एका सेकंदात किती मेगावॅट वरखाली होईल" हा रकाना मी अजून कुठल्या मसुद्यात पाहिलेला नाही.

यावर येणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. उद्योग म्हणतील, आम्ही रोजगार देतो, आमच्यावर आणखी बोजा नको. पण बोजा आजही आहेच. तो फक्त चक्कीवाल्याच्या आणि शेतकऱ्याच्या डोक्यावर आहे. सार्वजनिक नदीत सांडपाणी सोडणाऱ्याला आपण आता रोजगाराचे कारण ऐकून घेत नाही. वीज जाळे हीसुद्धा सामाईक नदीच आहे. शिवाय जे कारखाने फिल्टर किंवा स्टॅटकॉम बसवून आपला झटका आपल्यापुरता ठेवतात, त्यांना आज न बसवणाऱ्यांच्या तुलनेत तोटाच होतो, हे कुठले न्याय्य उद्योगधोरण? वितरण कंपन्या म्हणतील, मोजयंत्रे महाग आहेत. प्रत्येक घरात ती नकोतच. भट्ट्या, रोलिंग मिल, रेल्वेची ट्रॅक्शन उपकेंद्रे, संगणकगृहे यांच्या जोडणीबिंदूंवर आणि त्यांना वीज देणाऱ्या उपकेंद्रांवर बसवली तरी बहुतेक चित्र स्पष्ट होईल.

म्हणून माझ्या सूचना मोजक्याच आहेत.

१) झटक्याचा भार असलेल्या प्रत्येक मोठ्या ग्राहकाच्या जोडणीबिंदूवर वीज-गुणवत्तेचे सलग मोजमाप व्हावे आणि त्याचा मासिक गोषवारा जनतेसाठी खुला असावा.

२) मागणी आकारात १५ मिनिटांच्या सरासरीबरोबरच झटक्याच्या उंचीचाही वाटा असावा. जो कारखाना साठवण किंवा स्टॅटकॉम बसवून झटका स्वतः जिरवतो, त्याला त्याचा लाभ मिळावा.

३) पॉवर फॅक्टरची सवलत हार्मोनिक्सच्या मर्यादा पाळणाऱ्यालाच मिळावी.

४) शेतीच्या वाहिन्या टप्प्याटप्प्याने चालू कराव्यात आणि स्टार्टरसाठी विलंब-टायमर सरकारी खर्चाने द्यावेत. १ एप्रिल २०२४ पासून दहा किलोवॅटवरील व्यापारी व औद्योगिक ग्राहकांना वेळेनुसार दर लागू झाले आहेत. तिथेही स्वस्त तास घड्याळाच्या एकाच ठोक्याला सर्वांसाठी सुरू झाला, तर आपण नवा झटका निर्माण करू, याचे भान असावे.

५) व्होल्टेजविषयीची कोणतीही तक्रार तासिक लॉगशीटच्या आधारे फेटाळली जाऊ नये. किमान सात दिवस नोंद घेणारे यंत्र तक्रारदाराच्या जोडणीवर लावावे, आणि मगच निष्कर्ष लिहावा.

शेवटच्या सूचनेला नवा कायदा लागत नाही, निधीची मोठी तरतूद लागत नाही. एका परिपत्रकाने ती उद्यापासून अमलात येऊ शकते. घरापासून दूर रायपूर, इंदूर, हुबळी, बडोदे किंवा लुधियाना येथे कामानिमित्त राहणारे जे वाचक हे वाचत असतील, त्यांनी आपापल्या वितरण कंपनीला एक साधा प्रश्न लेखी विचारावा: आमच्या उपकेंद्रात व्होल्टेजची नोंद किती वेळाने होते? उत्तर "तासाला एकदा" असे आले, तर पुढचा प्रश्न काय विचारायचा हे आता सांगायला नको.

तो अर्ज आज माझ्यासमोर आला, तर मी त्यावर लिहीन: तक्रारदाराच्या जोडणीवर सात दिवस नोंदयंत्र लावावे, त्याच सात दिवसांच्या भट्ट्यांच्या नोंदी मागवाव्यात, आणि दोन्ही आलेख एकाखाली एक ठेवून माझ्यासमोर सादर करावेत. त्या वेळी मला एवढे तीन ओळींचे काम करता आले असते. मी एका ओळीत उरकले.